युसूफमियाँच्या चपला

कुठल्याही दारातून आत जाण्याआधी युसूफमियाँ दोन गोष्टी करत. चपला काढून त्यांची टोकं रस्त्याकडे वळवून ठेवत, आणि जवळ जो कुणी असेल त्याला सांगत, "मी आत जाऊन राह्यलो, ध्यान ठेवजा." मग ती बँक असो, लग्नाचा मांडव असो, नाही तर आमच्या गिरणीतला संडास. संडासाची वर्दी ऐकून आम्ही बाया तोंडात पदर कोंबून हसायचो. सगळ्यांत जास्त मी.

धामणगाव बढ्याच्या रस्त्यावरच्या एका सरकीच्या तेलगिरणीत मी तेव्हा हजेरी मांडायचे. वय पंचेचाळीस, अक्कल त्याच्या निम्मी आणि रुबाब मालकाच्या वरचा. आज नातवंडांना मी फार समजूतदार आजी वाटते. त्यांनी मला त्या खिडकीत बसलेली पाहिली असती तर माझ्याकडचा लाडूही घेतला नसता. पहिल्या दिवशी युसूफमियाँ त्याच खिडकीपुढे उभे राहिले. पांढरी दाढी, खाकी पँट, अनवाणी पाय.

"बाई, मी आत आलो."

"दिसलं मले. आंधळी नाही मी."

"दिसलेलंच माणूस इसरते," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही लिवून घ्या."

मालकांनी त्यांना आणलं होतं ते टाक्यांसाठी. गिरणीच्या मागे सांडपाण्याची जमिनीतली टाकी होती, तिला एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. अशा जागेत कुणी बेशुद्ध पडला तर त्याला जिवंत बाहेर कसं काढायचं, हे ते शिकवणार होते. मूळचे रोहिणखेडचे, घराण्याचं काम विहिरी उपसण्याचं. पुढे कुठल्याशा कारखान्यात ही विद्या शिकून आले. त्यांचं सामान मोजकं होतं. टाकीच्या तोंडावर उभी करायची लोखंडी तिपाई, तिच्यावर दोर गुंडाळायचं हाताचं चाक, अंगाला बांधायचा पट्टा आणि हवा तपासायचं तळहाताएवढं यंत्र. हवा वाईट असली की ते यंत्र टिवटिव करायचं, म्हणून त्याचं नाव चिमणी. "नाकाचा भरोसा नोको," ते म्हणत. "वास आला नाही म्हून हवा चांगली झाली असं नसते. नाक पयले मरते, मंग माणूस."

सरावासाठी त्यांनी ढेपेनं ठासून भरलेल्या पोत्याला शर्ट-पँट घालून एक बाहुला केला होता. त्याचं नाव जावई. "हा सोता काहीच करत नाही," ते सांगत. "उचलावं लागते, सांभाळावं लागते, आन् जरा खरचटला तं घरभर बोंब." जावयाला जुन्या तेलटाकीत टाकायचं आणि चाक फिरवून वर काढायचं, असा आमचा वर्ग भरायचा. हमाल, फिटर, झाडूवाल्या, सगळे रांगेत. मला वाटलं होतं की हजेरीवालीला कुणी बोलावणार नाही. पहिलं नाव माझंच घेतलं.

माझी परीक्षा अजून गिरणीत सांगतात, म्हणून मीच सांगून टाकते. युसूफमियाँ स्वतः टाकीत उतरले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "बाई वो, मेलो." मी पदर खोचला, धावले आणि डोकं खाली घालून टाकीच्या तोंडात शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, आणि कंबर अडकली. त्या काळी माझी कंबर ही बघण्यासारखी गोष्ट होती, पण असल्या कामाची नव्हती. पाय वर, डोकं खाली, समोर अंधारात टॉर्च घेऊन मांडी घालून बसलेले युसूफमियाँ.

"आल्या का?" ते म्हणाले. "या. आता दोघं मेलो. वरून तोंडबी बंद केलं तुम्ही, तिसऱ्याले यायले जागा नाही. एवढं एक बरं झालं."

चार बायांनी पाय धरून मला ओढून काढलं. पुढचा महिनाभर मी हजेरी मांडताना मान वर केली नाही. आणि या माणसानं काय केलं असेल? मलाच तोंडावरची केली. म्हणजे टाकीच्या तोंडाजवळ, दोन हात लांब, वारा पाठीवर घेऊन बसायचं, कितीही झालं तरी आत जायचं नाही आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही. आत जाणारा चपला काढून गमबूट घालायचा. चपलांची टोकं बाहेरच्या बाजूला. एक जोड म्हणजे आत एक माणूस. शेवटची जोड उचलली जाईपर्यंत तोंडावरच्यानं उठायचं नाही.

"म्हणजे मी चपला राखायच्या?" मी फणकारले. "दहावी पास आहे मी."

"मंग दहापर्यंत मोजता येत असंन."

मी खोदून विचारलं, मलाच काऊन? तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं. ते विशीत असताना त्यांचे वडील वरवट बकालकडच्या एका विहिरीत उतरले आणि खाली कोसळले. त्यांच्यामागे चुलते गेले. चुलत्यांमागे चुलतभाऊ. कुणीच वर आलं नाही. "मी चौथा होतो. कठड्यापाशी पोचलो तं मायनं माह्या पायात पाय घातला, मले पाडलं आन् माह्या छातीवर बसली. मी तिले चावलो, बाई. सख्ख्या मायले चावलो. पण ते उठली नाही." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ज्याले धावायची लय घाई त्यालेच मी तोंडावर बसवतो. त्याले थांबता आलं तं सगळ्याइले येते."

मला ते पटलं, असं लिहिलं तर खोटं होईल. मला वाटलं, म्हाताऱ्यानं गोड बोलून गुंडाळलं.

मग तो शुक्रवार आला. युसूफमियाँ दुपारच्या नमाजला गेले होते. ते नसताना टाकीत उतरायचं नाही, असा नियम होता. चिमणीसुद्धा त्यांच्या कपाटात कुलपात. माझा धाकटा दीर सुरेश गिरणीत पंपाचा फिटर होता, मीच त्याला चिकटवलं होतं. तो खिडकीशी आला.

"वहिनी, पंप अडकला. पाच मिनिटाचं काम हाय, बसता का तोंडावर?"

"मियाँ येऊ दे. तोवर भाकर खा."

तो गेला. मी डबा उघडला. दुसरा घास घेताना सहज मागच्या खिडकीतून बघितलं, तर टाकीच्या तोंडाशी चपलांची एक जोड. सुरेशची, हिरव्या पट्ट्याची. टोकं बाहेर. आजूबाजूला कुणीही नाही.

मी हजेरीच्या टेबलावरून गेले की खालून, ते मला आजही आठवत नाही. टाकीपासून दोन हातांवर पाय आपोआप थांबले. हाक मारली, ओ नाही. बरं एवढंच की पोरानं पट्टा बांधला होता. तिपाईवरून दोर खाली गेला होता, ढिला. मी चाकाला हात घातला. ढिला दोर गुंडाळला गेला, ताठ झाला, आणि मग चाक जागचं हलेना. सुरेशचं वजन जावयापेक्षा जास्त होतं.

माझा ओरडा ऐकून आमचे हे धावत आले, तेही गिरणीतच तेलाच्या प्रेसवर होते. चपला पाहिल्या आणि सरळ टाकीच्या तोंडाकडे निघाले.

"थांबा. आत नाही जायचं."

"सोड वं मले, भाऊ हाय माहा."

तोंडापासून हातभर अंतर राहिलं असेल. मी पायात पाय घातला. सात जन्म मागितलेला नवरा धाडकन तोंडघशी पडला, आणि मी त्यांच्या पाठीवर बसले. ज्या वजनावरून अख्ख्या गिरणीनं मला हसून घेतलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं. यांनी माझ्यासाठी जे शब्द वापरले ते नातवंडं वाचतील म्हणून लिहीत नाही.

"शिव्या मंग द्या," मी म्हटलं. "भाऊ पाहिजे ना? मंग चाक धरा. वरूनच येते तो."

त्यांनी चाक धरलं. दोघांनी फिरवलं. एक वेढा, दोन वेढे. हाताची सालं निघाली. किती वेढे झाले ते मोजायचं भान नव्हतं. दहावी पास असून. मग तोंडातून सुरेशचं डोकं वर आलं, निळसर, लोंबणारं. आम्ही त्याला ओढून मोकळ्या वाऱ्यात आडवं केलं. तोवर धावत आलेल्या दोन हमालांनी शिकवल्याप्रमाणे छाती दाबायला घेतली. आणि सुरेश खोकला. त्या खोकल्याइतका सुंदर आवाज मी नंतर ऐकला नाही, नातवाचं पहिलं रडणंसुद्धा नाही.

दवाखान्याची गाडी त्याला घेऊन निघाली आणि युसूफमियाँ आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आधी जमिनीकडे बघितलं.

"बाई, चपला किती?"

"एक जोड."

"माणसं किती?"

"एकच."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग नाकातलं रक्त पुसत बसलेल्या यांच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, पाडलं का तुमाले? नशीबवान आहा. मलेबी एका बाईनंच पाडलं होतं."

गेल्या वर्षी युसूफमियाँ गेले. आम्ही रोहिणखेडला पोचलो तेव्हा मयत निघत होती. सुरेश खांदा द्यायला पुढे धावला. मी त्यांच्या बायकोजवळ, भाभींजवळ बसले, मग बाहेर ओट्यावर आले. उंबऱ्याशी त्यांच्या जुन्या चपला होत्या. टोकं रस्त्याकडे. कुणी हात लावला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

दोन तासांनी पुरुष मंडळी परतली. सुरेश समोर येऊन उभा राहिला, गुडघ्यांना माती लागलेली.

"कबरीत खाली किती उतरले होते?" मी विचारलं.

"तिघं, वहिनी. मीबी होतो."

"वर?"

"तिघं."

मी ती शेवटची जोड उचलली, पदरानं पुसली आणि आत नेऊन भाभींच्या हातात द्यायला उठले. उठताना गुडघे इतके कुरकुरले की सुरेश म्हणाला, "वहिनी, तिपाई आणू का?"