ट्रॉलीवरची मुलाखत
कांदा चिरताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, मला मात्र देवळ्याच्या कांदा बाजारातली मुलाखत आठवून हसू येतं. बिझनेस पत्रकारांना कारकिर्दीच्या ऐन मध्यावर मिळणाऱ्या एका फेलोशिपसाठी मी 'कांद्याचा भाव ठरतो कसा' हा विषय दिला होता आणि निवड समितीनं नेमका लिलावाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला. रेंज फक्त लिलावाला आलेल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मिळाली, म्हणून मी हिमालयाएवढ्या कांद्यांवर चढून बसले. माझं इंग्रजी ऐकून कांदेच रडले असतील. "मॅडम, जरा शांत जागी जाता का?" समितीतले साहेब म्हणाले. "सर, इथं शांतता झाली तर तुमच्याकडची भेळ बंद पडेल." खालून एक व्यापारी ओरडला, "ताई, उतरा, नायतर तुमच्यासकट बोली लागंल." मग साहेब मुद्द्यावर आले. कांदा म्हणजे शेती, बिझनेस नव्हे. स्टार्टअपवर लिहा, निवड पक्की समजा. माझी नोकरी तेव्हा डळमळीत होती, हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात खाली शेवटची बोली झाली. भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो. आमच्या ट्रॉलीच्या मालकानं "नाय द्यायचा" म्हणत ट्रॅक्टर सुरू केला. मीही फोनमध्ये म्हणाले, "सर, या भावात मलाही नाही द्यायचा," आणि ढिगासकट निघाले. समितीला माझ्या पाठीमागे लांब लांब जाणारा अख्खा बाजार दिसत राहिला. आज इंदिरानगरच्या घरात ओट्यावर विळीशेजारी लॅपटॉप उघडा आहे. यंदाचा अर्ज भरतेय, आणि विषयाच्या रकान्यात पुन्हा कांदाच आहे.