चष्मेवाल्याची खासगी इंग्रजी

आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी. इंग्रजीत तो तीनदा नापास झाला. दुसरा एखादा खचला असता. याने इंग्रजीच दुरुस्तीला काढली. शब्दाचा पहिला आवाज उचलायचा, शेवटी नेऊन ठेवायचा आणि वर एक 'म' चिकटवायचा. म्हणजे फूलचं, इंग्रजीतल्या मूर्खाचं, 'ऊलफम', चीपचं 'ईपचम'. गिऱ्हाईक समोर असताना बायकोशी बोलायला ही सोय.

"ऊलफम आहे. डाव्या कपाटातल्या दाखव," असं तो गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना गोड हसत म्हणे. डाव्या कपाटात न खपलेल्या फ्रेमा असत. ही भाषा जगात तीनच माणसांना येते, तो, बायको आणि मुलगी, असं तो समजे (मला ती ऐकून ऐकून उमगली होती), आणि याचा त्याला इतका अभिमान, की एखाद्या विद्यापीठाने अजून बोलावलं कसं नाही, याचं मलाच नवल वाटे.

मुलीने स्वतःचं स्वतः लग्न ठरवलं. मुलगा घड्याळं दुरुस्त करणारा, त्याची आई नर्स. दोघं भेटायला येणार, त्या दिवशी मुलगी सकाळीच माझ्याकडे आली.

"बाई, तुम्ही येऊन बसा. तुमच्यासमोर बाबा जरा जपून बोलतात."

"जपून म्हणजे त्या भाषेत ना?"

ती रडवेली झाली. "तीच तर भीती आहे. मी ती त्याला शिकवलीय. त्याच्या दुकानातल्यांना कळू नये म्हणून आम्ही फोनवर तीच बोलतो."

म्हणजे बापाने मुलाला नावं ठेवली, तर ती मुलाला कळणार. आणि कळली असं त्याने दाखवलं, तर मुलीची फितुरी उघडी पडणार. मी साडी बदलून गेले.

पाहुणे बसले. चष्मेवाल्याने मुलाला फ्रेमसारखं चहूबाजूंनी न्याहाळलं आणि स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या बायकोकडे वळून प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "ऑर्टशम. एझीलम. इजेक्टरम!"

बुटका, आळशी, नको. मुलगा बिचारा चहाच्या कपात बघत राहिला. मुलीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

नर्सबाईंनी शांतपणे पर्स उघडली, चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. चष्मेवाल्याला माणसं लक्षात राहत नाहीत, फ्रेमा राहतात. त्याचा चेहरा उतरला.

"ही… ही तर डाव्या कपाटातली."

"हो. गेल्या महिन्यात घेतली. माणसं कशी आहेत ते बघायला आले होते. मुलाने ही भाषा मलाही शिकवून पाठवलं होतं. तुम्ही मला ऊलफम म्हणालात."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या भाषेला नवे शिष्य मिळाले होते आणि तो कौतुक करून घ्यायच्या अवस्थेत नव्हता.

"तरी आले," नर्सबाई म्हणाल्या, "कारण याला तुमची मुलगी हवी आहे. पण जिथे तोंडावर हसून पाठीमागे बोललेलं चालतं, तिथे मी सोयरीक करणार नाही. काय ते आत्ता सांगा."

चष्मेवाल्याने मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

"ऑरीसम," तो पुटपुटला.

"मराठीत."

त्याने घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं. वर्गात फळ्यापाशी उभा राहिल्यावर पाहायचा तसंच. मी काहीच सुचवलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मुलगा चांगला आहे. पोरीला हवाय, तर… मलाही हवाय."

नर्सबाईंनी कप पुढे केला. "मग चहा द्या अजून थोडा. तारखेचंही बोलून टाकू."

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको बाहेर आली, पदराला हात पुसत. "अहो, मगाशी भांड्यांच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं. ते मराठीतलं पहिलं वाक्य परत म्हणता का?"

त्याने म्हटलं. तिने आणखी एकदा म्हणायला लावलं.