मामांचा पट्टा

मामांना मागून आलेल्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नसे, तरी ते सायकल रस्त्याच्या मधूनच चालवत. तीस वर्षं कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या गोंगाटात काढून कान गेले होते, ऐट मात्र शाबूत होती. शेवटी मुलानं सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

त्याच सुमारास चिंचवडच्या आमच्या छोट्या कंपनीत मी मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवत होते. जवळपास गाडीचा हॉर्न वाजला की तो थरथरायचा. चाचणीला कमी ऐकू येणारं माणूस हवं होतं. मामांचा मुलगा आमच्याच कंपनीत स्टोअरला होता, त्याच्या वडिलांना सगळेच मामा म्हणत. तो म्हणाला, "पट्टा नीट चालला तर सायकलची किल्ली परत देईन." मामा चाचणीला आले ते त्या किल्लीसाठी.

दर शनिवारी ते चाकणजवळच्या गावाहून बसनं यायचे आणि खुर्चीत टेकायच्या आधीच तक्रार सुरू करायचे, तीही आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. पहिला पट्टा कुकरची शिट्टी, कुत्रं, देवळातली घंटा, कशानंही थरथरायचा. "पोरी, धार काढताना ह्यो हालला की माझा हात हालतो. मग म्हैस पान्हा चोरती. तिला काय सांगू, बाईंचं संशोधन चालू हाय?" आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात म्हैस आलीच नव्हती. मी निमूटपणे बाकीचे आवाज गाळले. टीका ऐकून घेण्याचा माझा स्वभाव नाही, पण मामांची मी शनिवारी वाट बघायचे.

चौथा पट्टा त्यांनी पास केला. किल्ली मिळाली. दोन महिने मामा मळ्यात, बाजारात, पाहुण्यांकडे एकटे हिंडले.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना टेम्पोचा धक्का लागला आणि पाय मोडला. पट्टा थरथरलाच नव्हता. मी तो उघडला, तर आवाज टिपायच्या बारीक भोकात कुंकू भरून वाळलेलं. विळा, कोयता आणि सायकलीच्या रांगेत मामांनी पट्टाही पुजला होता. दवाखान्यात मी कानाशी ओरडून विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ज्याच्या जिवावर फिरतो, त्याला कुंकू न्हाई लावायचं व्हय?"

आमच्या घरीही मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. हे मला सुचायला हवं होतं. चूक माझी होती आणि ती मला अजून लागते. आता भोकावर जाळी असते आणि प्रत्येक नवा पट्टा आधी कुंकवात माखून मगच तपासला जातो.

पाय जुळल्यावर मी नवा पट्टा घेऊन गेले. मामा ओट्यावर बसले होते. सायकल मुलानं विकून टाकली होती, आणि त्याला दोष द्यायला मला तोंड नव्हतं. मामांनी पट्टा बांधला. समोरून एक ट्रक हॉर्न देत गेला. त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"झ्याक चालतोय," ते म्हणाले. "आता जायचं कुठं, तेवढं सांग."