सत्तारभाईंची ताटली

सत्तारभाईंकडे गाडी नेली की ते आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवत आणि त्याच्या मांडीवर स्टीलची एक ताटली ठेवत. मगच गाडीतल्या टेपला हात. निघालेला एकेक स्क्रू, क्लिप, वायरीचा तुकडा त्या ताटलीत पडायचा. "आपली वस्तू आपल्या मांडीवर," ते म्हणत, "तुमाले बी चिंता नाई, मले बी चिंता नाई." आलापल्लीच्या त्यांच्या दुकानात ठेकेदार, वनरक्षक, एकदा तर चक्क एक सरपंच अशी ताटली धरून पेंगताना मी पाहिले आहेत.

सत्तारभाई पन्नाशीचे, काटकुळे. कॅसेटच्या काळापासून हेच काम. स्पीकरला कान लावून डोळे मिटायचे आणि निदान करायचे, "याले सर्दी झाली," किंवा "हा घशातून बोलून राह्यला." मी गुरांची डॉक्टर, म्हणून मला ते आपल्याच धंद्यातली समजत. "तुमचे पेशंट बोलतच नाई डॉक्टरबाई," म्हणत, "अन् माझे बोलाचे थांबले का मंगच येते."

मी नागपूरहून एक जुनी गाडी घेतली होती. तिच्यात मोठ्या पडद्याचा टेप होता आणि त्याच्या फटीत बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड. नकाशे, गाणी, रेडिओ, सगळं त्या कार्डावर अवलंबून. ते नसलं की पडदा नुसता 'कार्ड टाका' म्हणत बसायचा; दुसरं कुठलं कार्ड त्याला चालत नसे. एटापल्लीकडच्या गावांना मी एकटीच गाडी चालवत जायची. तास-दीड तास जंगल. गाणी नसली की रस्ता सरता सरत नसे.

एकदा डाव्या दाराचा स्पीकर खरखरायला लागला, म्हणून सकाळीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं, ताटली पुढे केली.

"मला वेळ नाही सत्तारभाई. दवाखान्यात जनावरं उभी आहेत."

"मंग उद्या आना गाडी. गिऱ्हाईक समोर नसलं तं मी खोलत नाई."

"अहो, माझा तुमच्यावर विश्वास आहे," मी म्हटलं. खरं तर साहेबीणबाईंना रस्त्यावर ताटली धरून बसायचं नव्हतं. ते थोडा वेळ घुटमळले, मग म्हणाले, "तुमच्यासाठी, बरं," आणि ताटली रिकाम्या स्टुलावर ठेवली. इतक्या वर्षांचा नियम त्यांनी माझ्याकरता मोडला.

दुपारी गेले तर स्पीकर छान झाला होता. पण पडदा कार्ड मागत होता.

"मी चालू केला तवापासूनच कार्ड नाई डॉक्टरबाई," ते म्हणाले.

"काल सकाळी तर वाजत होतं!"

त्यांनी पायपुसणी झटकली, सीट काढल्या, दुकानाचा केरसुद्धा चाळला. मी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तिथे सरकारी जीपगाड्यांचे ड्रायव्हर होते, आमच्या खात्याचाही होता. काय झालं, असं कोणीतरी विचारलं. माझी जीभ मुळातच तिखट. "काही नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कार्डाला पाय फुटले." सगळे हसले. सत्तारभाई केर चाळायचे थांबले. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांना चोर म्हटलं नाही, ही पळवाट मी पुढे पुष्कळ दिवस वापरली.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच दवाखान्यात आले. आपल्या जुन्या व्हॅनमधला टेप काढून आणला होता. "तुमाले एकट्याले जंगलातून जा लागते," ते म्हणाले, "करमनार नाई. कार्ड भेटेपर्यंत हा वाजवा." मी तो बसवून घेतला. आणि मनात काय आलं, तेही सांगून टाकते: घेतलं नसतं, तर एवढा टेप कशाला दिला असता? लाज वाटते, पण हेच आलं. ड्रायव्हर मंडळींनीही हाच हिशेब केला आणि जिथे जिथे जीपगाड्या जात तिथे तो पोचवला. माणसाचा चांगुलपणा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

दुकान बंद पडलं नाही. पण पूर्वी मांडीवर ताटली घेऊन पेंगणारी गिऱ्हाइकं आता एकेक स्क्रू मोजायला लागली. मी ते येताजाता बघत होते.

चार महिन्यांनी वनखात्याकडून पत्र आलं. वाघाने मारलेल्या एका गायीच्या भरपाईसाठी मी काढलेले फोटो पुन्हा हवे होते. कॅमेरा कपाटात होता. उघडला तर आत माझ्या गाडीचं कार्ड. सत्तारभाईंकडे गाडी नेली त्याच्या आदल्या संध्याकाळची ती गाय. अंधारून आलेलं, गावकऱ्यांची गर्दी, आणि ऐन वेळी कॅमेऱ्यातलं कार्ड भरलेलं. मी धावत गाडीकडे गेले होते, टेपमधलं कार्ड उपसून कॅमेऱ्यात घातलं होतं. मग दमून घरी आले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी शिपाई कॅमेरा नेऊन फोटो छापून घेऊन आला, कॅमेरा कपाटात गेला. पुढे मी मोबाइलवरच फोटो काढत होते.

तशीच त्यांच्याकडे गेले. कार्ड दाखवलं, सगळं सांगितलं, हात जोडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"मले काऊन सांगता डॉक्टरबाई? मी नाई घेतलं, हे मले माहीतच होतं. टपरीवर सांगा."

मी वळून पाहिलं. टपरी भरलेली होती. आमचा ड्रायव्हरही बशीत चहा ओतत होता. "सांगते," मी म्हटलं, आणि गाडीत बसून घरी आले. उद्या सांगू, गर्दी कमी असताना सांगू, असं करता करता माझी नागभीडला बदली झाली. निघताना त्यांचा टेप परत द्यायला गेले, तर त्यांनी तो घेतला. आणि टपरीकडे एकदा बघितलं.

त्याला तीन वर्षं झाली. यंदा सत्तारभाई काविळीने गेल्याचं कळलं. मी रजा टाकून आलापल्लीला गेले, त्यांच्या बायकोला भेटले, आणि मग टपरीवर जाऊन बसले. टपरीचा मालक बदलला होता. नव्याला मी सत्तारभाईंबद्दल विचारलं.

"तो कार्डवाला?" तो म्हणाला. "मानूस चांगला होता जी. पन एका बाईचं कार्ड घेतलं होतं म्हन्तेत."

"ती बाई मी," मी म्हटलं. बाकावर चार-पाच माणसं होती, अनोळखी. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, गाय, कॅमेरा, कपाट, काही वगळलं नाही. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक करून ऐकून घेतलं.

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली."

त्याने स्टोव्ह पुन्हा मोठा केला.

"अन् त्याले वाटली नसन का?"