बेटावर एकदाच विचारतात

आमच्या साताऱ्याकडं पाहुण्यानं पहिल्या झटक्यात 'हो' म्हणायचं नसतं. चहा विचारला तर 'आत्ताच झाला', भाकरी विचारली तर 'पोट भरलंय'. विचारणाऱ्यानंही ते मनावर घ्यायचं नसतं. त्यानं पुन्हा विचारायचं, तिसऱ्या खेपेला हात धरून खाली बसवायचं, मग पाहुण्यानं 'बरं, अर्धाच' म्हणून कप उचलायचा आणि पुरता रिकामा करायचा. माझं माहेर सांगलीकडचं. तिथंही हीच रीत, उलट काकणभर जास्तच. पहिल्या बोलीला हो म्हणणारी पोरगी हावरट, असं आई म्हणायची आणि वर एक टपली द्यायची. या शिकवणीपायी माझं काय गेलं ते आज लिहायला बसले आहे, आणि लिहितानाही माझा मलाच राग येतो आहे.

माझे यजमान फौजेत होते. लग्न झाल्यापासून त्यांचा सहवास म्हणजे सुट्टीपुरता. सुट्टीवर आले की घर भावकीनं भरून जायचं. आम्हाला एकमेकांशी दोन शब्द बोलायचे तर गोठा गाठावा लागायचा, म्हशीच्या साक्षीनं. मूलबाळ अजून झालं नव्हतं. त्याचं खापर अर्थातच माझ्यावर फुटायचं. मग नोकरीच्या शेवटच्या वर्षात त्यांची बदली निकोबारला झाली, अंदमानच्याही खालच्या अगदी शेवटच्या मोठ्या बेटावर. तिथं त्यांची तुकडी जंगलातून रस्ता काढत होती. सासूबाईंनी स्वतःच माझं बोचकं बांधलं आणि म्हणाल्या, "जा बाई, तितं तरी पदरात काय पडतंय का बघ." बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तोवर कृष्णेपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं.

बोटीतल्या ओकाऱ्यांचं वर्णन करत नाही. बेटावर पेन्शनीत निघालेल्या फौजींना सरकार जमिनी देऊन वसवत होतं. अशाच एका पंजाबी जवानाच्या घरामागची खोली आम्हाला मिळाली. पंजाबीण मला रोट्या शिकवी, मी तिला झुणका. तिचं मला कळत नसे, माझं तिला कळत नसे, पण आमचं भांडण कधी झालं नाही. न झाल्याचं कारण तेच असावं. ते काही महिने मी सुखात होते. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर उमगलं वगैरे काही नाही.

मग यांचे निवृत्तीचे कागद आले आणि बोटीची वाट बघणं सुरू झालं. तिथं बोट म्हणजे आमच्या वाईच्या एस.टी.सारखी वेळेवर येणारी नव्हे. समुद्राला वाटलं तर येणार. तेवढे दिवस हातात होते. हे म्हणाले, "आता तुला सगळं बेट दावतो. सगळं नीट बघ, आन् मग सांग."

"काय सांगू?"

"हितं ऱ्हायचं का ते. मलाबी जमीन मिळतीया. पर तुझं मन असंल तर."

माझं मन! असला जिन्नस मला कुणी मागितला नव्हता. मी हसले आणि विषय पाण्यात सोडला.

रस्ता जिथवर झाला होता तिथवर तुकडीच्या ट्रकमधून गेलो, पुढं पायी. आम्ही दोघं शेजारी-शेजारी चालत होतो, हे वाचून आजच्या पोरींना हसू येईल. गावात हे वीस पावलं पुढं आणि मी मागं, असा आमचा संसार. बेटावर पहिल्या दिवशी मी सवयीनं मागं राहिले, तर हे उभे राहिले. मी थांबले, तर हे मागं आले. शेवटी म्हणाले, "आगं, हितं कोण बघतंय? खेकडं?" खेकडे मात्र खरंच बघत होते. नारळाच्या झाडावर चढणारा, कोंबडीएवढा खेकडा मी तिथं बघितला. जंगलात एक पक्षी पालापाचोळ्याचा आणि मातीचा उकिरड्याएवढा ढीग करतो, त्यात अंडी घालतो आणि खुशाल निघून जातो. उबवायची जबाबदारी ढिगाची. मी म्हटलं, "बरं हाय, सासू न्हाई, बाळंतपण न्हाई." हे इतके हसले की खाली बसले. माझ्या बोलण्यावर हे हसतात, हे मला तिथं कळलं. गोठ्यात मोठ्यानं हसायची सोय नव्हती.

एका दुपारी किनाऱ्यावरच्या निकोबारी वस्तीत थांबलो. सकाळपासून चालून माझ्या पोटात कावळे ओरडत होते. एका घरधनिणीनं केवड्याच्या जातीच्या फळाचा उकडलेला पिवळा गोळा आणि खोबरं ताटलीत घालून पुढं केलं. मी रीतीप्रमाणं हात जोडून मान हलवली. बाईनं हसून ताटली उचलली आणि पलीकडं बसलेल्या म्हाताऱ्याला दिली. म्हातारा शांतपणे सगळं खाऊन मोकळा झाला. मी बघत राहिले. यांनी आपली ताटली माझ्याकडं सरकवली. हसू दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हितं एकदाच इचारत्यात," हे म्हणाले. "न्हाई म्हणलं की न्हाईच. हितली मानसं दुसऱ्याचा शब्द खरा मानत्यात."

मला लाज वाटली, पण ते पटलं. आपल्याकडं आपण एकमेकांचा पहिला शब्द खोटा धरूनच चालतो.

शेवटी यांनी आपल्या मनातली जमीन दाखवली. मागं डोंगर, कडेनं वाहणारा ओढा, आणि झाडं तोडून मोकळी केलेली काळी माती. मी खाली बसून मूठभर उचलली, दाबली, सोडली. आमच्या माहेरच्या रानात हळदीला असते तशी भुसभुशीत. आमच्या सांगलीकडं पोरीला चालण्याआधी हळद कळते. मी मनात सरी पाडून मोकळी झाले. इथं बेणं लावायचं, तिथं नारळ आहेतच, घर ओढ्यापासून जरा वर. दार समुद्राकडं.

"मग?" यांनी विचारलं. "ऱ्हायचं?"

"तुमी म्हणाल तसं," माझ्या तोंडून आपसूक निघालं.

"बरं," म्हणून हे उठले, पँट झाडली आणि सरळ चालू लागले. मागं वळूनही बघेनात. मी क्षणभर बावचळले, मग धावत सुटले.

"आवं, थांबा! व्हय म्हणतीय मी! ऱ्हायचं!"

तेव्हा हे वळले. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. बोट येईपर्यंतचे उरलेले दिवस आम्ही घर कसं बांधायचं याच गप्पांत घालवले. पुन्हा त्या जमिनीवर गेलो, ओढ्याचं पाणी प्यायलो, चुलीची जागा ठरवली. यांना चूल घराबाहेर हवी होती, मला आत. चुलीवरून आमची चांगली जुंपली. त्या भांडणाइतकं गोड भांडण मी पुन्हा कधी केलं नाही.

घरी जायचं, वडलांना विचारायचं, आणि पुढच्या बोटीनं परत यायचं, असं ठरलं. न विचारता राहता आलं असतं, पण तो यांचा पिंड नव्हता. फौजेत साहेबाचा हुकूम आणि घरात बापाचा. मद्रासहून आगगाडीनं आलो. मिरज यायच्या आधीच मी डोक्यावर पदर घेतला. कुणी सांगितलं नाही, हात आपला वर गेला. स्टेशनातून बाहेर पडताना हे वीस पावलं पुढं होते.

गावी गुऱ्हाळ चालू होतं. चुलवणावर रसानं भरलेली मोठी काहील रटरटत होती, शेजारी आमचा गुळव्या पाकावर नजर लावून उभा. सासरे बाजल्यावर बसले होते. मी दुपारची भाकरी घेऊन गेले होते. यांनी तिथंच विषय काढला. सरकार देतंय ती जमीन, ओढा, बांधायचं ते घर, सगळं. सासरे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं होतं ओरडतील, पण ओरडले नाहीत. लेकाला ऊस आणि भावकी सोडून पाण्यापलीकडं जायचं आहे हे ऐकून त्यांना वाईट वाटलं असणार, तरी म्हणाले, "जायाला न्हाई म्हणत न्हाई मी. पर परमुलखात बाईमानसाचं मन नसंल तर संसार हुत न्हाई." आणि मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेच नव्हते. "सूनबाई, तुझं काय मन हाय? जायाचं हाय का?"

मला हो म्हणायचं होतं. पण सासऱ्यानं विचारलं आणि सून पहिल्याच बोलीला 'व्हय, जायचं' म्हणाली, तर ती काय सून झाली? घर फोडायला टपलेलीच ती. मला वाटलं, एकदा नको म्हणावं, ते म्हणतील 'आगं, लाजू नगंस, मनातलं बोल', मग म्हणावं. पदर पुढं ओढून मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं. तुमी म्हणाल तसं. मला हितंबी काय कमी हाय?"

ते 'आगं' म्हणालेसुद्धा. देवाशपथ सांगते, त्यांच्या तोंडून 'आगं' एवढं निघालं होतं. तेवढ्यात गुळव्यानं हाक दिली, "दादा, पाक आला!" पाक आला की थांबता येत नाही, गूळ करपतो. सासरे उठले. काहील उतरली, पाक निववायच्या वाफ्यात ओतला, धूर, आरडाओरड, पळापळ. सगळं निवल्यावर सासरे धोतराला हात पुसत यांना म्हणाले, "झालं तर मग. तिचं मन हितंच हाय. बायकोला ओढून न्यायची न्हाई."

हे चुलवणापलीकडं उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. बापासमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. ती त्यांनी त्या दिवशी मोडली असती तर! पण असं म्हणण्यात काही अर्थ नाही, मीही मोडली नाहीच. तो काहिलीतला पाक आणखी थोडा वेळ रटरटला असता तरी पुरलं असतं.

नंतर गोठ्यात त्यांनी विचारलं, "का गं?"

"मला वाटलं मामंजी दुसऱ्यांदा इचारतील."

हे आधी हसले. सवयीचं हसणं होतं ते. मग म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मी म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. हे म्हणाले, "बापानं तुझं मन इचारलं. आता मी काय सांगू, माझी बायकू खोटं बोलली म्हणून?"

जमिनीसाठी होकार कळवायची मुदत निघून गेली. हे साखर कारखान्यावर रखवालदार झाले. पुढं आम्हाला मुलं झाली, घर झालं, गावात मान होता. संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. पण घरात हे पुन्हा कधी खाली बसून हसले नाहीत. बेटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पोरं 'नारळ फोडणाऱ्या खेकड्याची गोष्ट सांगा' म्हणून मागं लागली, तर म्हणायचे, "आईला इचारा." एक मात्र त्यांनी जन्मभर पाळलं. मला काहीही विचारायचं झालं तर ते दोनदा विचारायचे. "भाजीला काय आणू? कायतरी सांग." "जत्रंला यायचं? खरंच न्हाई?" साडी घेतानासुद्धा, "ही नगं? नक्की नगं?" गावातल्या बायका म्हणायच्या, तुझा नवरा किती गुणाचा. मी मान खाली घालायचे. त्या 'खरंच'चा प्रत्येक वेळी मला चटका बसायचा, आणि त्यांना तो द्यायचा नसायचा.

शेवटच्या आजारात त्यांना साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. एका दुपारी मी शेजारी बसून त्यांचे पाय चोळत होते. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोप लागली आहे.

"जायचं का गं परत तिकडं?" ते म्हणाले.

"जायचं," मी म्हणाले. श्वासही घेतला नाही मध्ये.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि सवयीनं दुसऱ्यांदा विचारलं, "खरंच?"

"खरंच."

"मग हळदीचं बेणं घे बरोबर. तितं मिळत न्हाई."

"कवाच बांधून ठिवलंय," मी म्हणाले.