वाटेतली कामं

जगात काम चुकवणारी माणसं ढीगभर असतील, पण कामं करून करून काम चुकवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे तळवलीतले आमचे घरमालक. मी तिसरीतून शाळा सोडलेला गडी. साताऱ्याकडून आलो, वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याबटाट्याच्या गोण्या वाहिल्या, पाठ वाकली पण मान वाकवली नाही. आमच्या धंद्याचा एकच कायदा. गोणी पाठीवर घेतली की जागेवर नेऊन टाकायची; मधे कोणी राम राम घातला तर हूं म्हणायचं आणि चालत राहायचं. असा मी, आणि माझ्या नशिबी मालक आले ते असे, की ज्यांच्या पाठीवर सदा दुसऱ्याच कुणाची तरी गोणी.

सकाळी ते गॅसचा नंबर लावायला निघत. अंगात पांढरा सदरा, खिशात कार्ड, चेहऱ्यावर असा निर्धार की आता गॅसवाल्याचं काही खरं नाही. गल्लीच्या तोंडाशी एखादी म्हातारी म्हणे, "माजी कोंबरी पल्याडच्या घरात गेली, ती बया देत नाय." झालं. मालक कोंबडी सोडवायला. कोंबडी सोडवली की पल्याडची बया म्हणे, मग माझ्या नळाचं काय. नळ बघेपर्यंत कोणाचा तरी साखरपुडा निघे आणि त्यात दोन्हीकडून बोलायला माणूस कमी पडे. दिवस मावळताना मालक परत येत, हातात कुणीतरी दिलेल्या दोन काकड्या आणि अनोळखी माणसाची छत्री. सून स्टोव्ह पेटवता पेटवता विचारी, "बाबा, गॅसचं?" मालक अगदी शांतपणे सांगत, "ते राह्यलं. पन गॅस काय पलून जातंय?" एकदा तर न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना कुणाची तरी गाय कोंडवाड्यात गेल्याचं कळलं, तसे ते तोंडाला साबण घेऊन उठले. गाय सुटली, साबण वाळला, आणि उरलेली अर्धी दाढी दुसऱ्या दिवशी झाली, कारण परत येताना वाटेत एक मयत होतं.

गावाला याची सवय होती. सवय म्हणजे सोय. शेतं नव्या शहरात गेली, भातखाचरांवर कारखाने आणि इमारती आल्या, ज्याच्या त्याच्या खोल्या झाल्या आणि भाडेकरू आले, पण फुकटात धावणारा माणूस एकच राहिला. ज्यांच्या दारात दोन दोन गाड्या, तेही यांना टपाल टाकायला पाठवत. मी चिडायचो. मालक म्हणायचे, "सातारकर, मानूस सांगतंय म्हंजे त्याला आपली गरज हाय. तुना कोन काय सांगतंय का?" मला कोणी काही सांगत नसे हे खरं होतं. त्याचा मला अभिमानच होता.

अशा माणसाच्या घरात नव्वदच्या दशकात कंप्युटर आला. जावई वाशीला कंप्युटरच्या दुकानात कामाला, त्यानं आणून ओटीवर मांडला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं, वर सुनेनं विणलेला रुमाल आला, आणि सहा महिने त्याचा उपयोग पाव्हण्यांना दाखवण्यापुरता झाला. मग जावयानं एक खेळाची तबकडी आणली. खेळ असा: एक राज्य आहे, राजाची मुलगी राक्षसानं काळ्या गडावर कोंडून ठेवली आहे, राजा आपल्या गड्याला तलवार देतो आणि म्हणतो, जा, लवकर जा, आज उजाडायच्या आत ती सुटली नाही तर राज्य बुडालं. हे सगळं इंग्रजीत लिहून येई. सून बारावी झालेली, ती स्वयंपाकघरातून येऊन वाचून सांगे आणि पुन्हा भाकरीकडे जाई. गडी निघतो, वाटेत गावं लागतात, आणि गावातली माणसं त्याला कामं सांगतात. शेळी हरवली, बघ. धान्याच्या कोठारात उंदीर झालेत, मार. माझं पत्र नदीपलीकडे दे. केली तर केली, नाही केली तर नाही. राजाचं काही म्हणणं नाही.

मालकांना हा खेळ पहिल्या दिवसापासून कळला. मी तर म्हणतो तो त्यांच्यावरूनच कोणीतरी केला असावा. साठी उलटलेला माणूस, चष्मा नाकावर, उंदरासारखी ती वस्तू मुठीत धरून राज्यभर शेळ्या शोधत हिंडायचा. तीन महिने झाले, राजकन्या गडावर ती गडावरच. एका म्हातारीचं औषध, एका लोहाराची हरवलेली ऐरण, एका विहिरीचा दोर, सगळं झालं. पडद्यावरच्या त्या गावांत मालकांचं नाव झालं. गडी आला की लोक वाकून नमस्कार करायचे, तो नमस्कार मालक ओटीवर बसून घ्यायचे आणि मान हलवून परत करायचे.

"मालक," मी म्हणालो, "राजानं काय सांगितलं होतं? आज उजाडायच्या आत."

"मंग?"

"मग तीन महिने झाले की."

"उजाडलंय कुठं?" त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं. खरोखर, खेळात अजून तीच रात्र चालू होती. "तू गडावर जाईपरयंत उजाडत नाय, सातारकर. मी पारखून बघितलंय. राकुस बी थांबतंय, राजा बी थांबतंय, ती पोर बी थांबतंय. पन ती म्हातारी बघ, तिला औषद दिलं नाय तर ती खोकतच रहाते."

मी म्हणालो सरका, मला द्या. आपला कायदा आपल्यापाशी. मी गडी घेतला आणि सरळ गडाची वाट धरली. शेळीवाला ओरडला, हूं. म्हातारी खोकली, हूं. थेट गडावर. राक्षसानं एक फुंकर मारली आणि आपला गडी आडवा. पुन्हा गेलो, पुन्हा आडवा. अकरा वेळा गेलो. मालक मागं बसून शेंगा खात होते. शेवटी, ‘गडी’ला ‘गरी’ म्हणणाऱ्या आपल्या बोलीत, म्हणाले, "तुजा गरी नागराच गेला की लरायला. अंगात चिलखत नाय, पायात जोरा नाय. ते लोहार देतंय. त्याची ऐरन शोदलीस का तू?"

तेव्हा सून पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी राहून म्हणाली, "काका, तबकडीसोबत पुस्तिका आलीय ना, त्यात लिहिलंय. गावातली कामं केल्याशिवाय राक्षस मरत नाही. आणि बाबा, तुम्हीपण ऐका. नुसती कामंच केली तरीपण मरत नाही. कधीतरी गडावर जावं लागतं."

मालकांनी शेंगा खाणं थांबवलं. मला वाटलं खेळाचं मनावर घेतलं. पण सून आत गेल्यावर ते मला म्हणाले, "करंजाऱ्याला माजी बाय हाय."

करंजाडे म्हणजे पनवेलच्या खालच्या अंगाला. तेव्हा ते गावच होतं. तिथं त्यांची थोरली बहीण दिली होती. आई लवकर गेली, या बहिणीनंच त्यांना कडेवर वाढवलं. जमिनी नव्या शहराला जायच्या वेळी कागद झाले, त्यात बहिणीचा हिस्सा सोडून द्यायचा कागद होता. तसे गावातल्या सगळ्या भावांनी करून घेतले. कोणी सांगून, कोणी गोड बोलून. मालकांनी बहिणीला सांगितलं, विजेच्या मीटरचा कागद आहे, अंगठा दे. तिनं दिला. त्यानंतर बारा वर्षं ते तिच्या दारात गेले नव्हते. दर भाऊबीजेला निघत. पनवेलपर्यंतसुद्धा पोहोचत नसत. वाटेत कुणाची ना कुणाची गाय असायचीच. आता बहिणीला दम्यानं घेरलं होतं. निरोप आला होता की अंथरूण सोडत नाही.

"राक्षस थांबतो मालक," मी म्हणालो, "दमा थांबत नाही. उद्या मी येतो तुमच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गोणीसारखं नेलं. तळवलीच्या नाक्यावर एकानं हाक मारली, मी मालकांचा दंड सोडला नाही. बसमध्ये एका बाईला फॉर्म भरून हवा होता, मी म्हणालो यांना लिहिता येत नाही. सातवी पास मालक माझ्याकडं बघत राहिले. पनवेलला उतरल्यावर ते बाजाराच्या तोंडाशी रेंगाळले. "जरा बगतो, बायला कायतरी..." मी म्हणालो, "नंतर. आधी काम." आणि रिक्षात कोंबलं. मला माझ्या कायद्याचा इतका गर्व, की आपण काय करतो आहोत हे माझ्या ध्यानात आलं नाही. बारा वर्षांनी भाऊ बहिणीच्या दारात उभा राहिला, तो रिकाम्या हातांनी.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं आधी भावाच्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पाव्हनं, पानी घ्या," मला म्हणाली. भावाशी बोलली ते एवढंच: "या खेपेला कनच्या कागदावर पायजे अंगठा?"

आम्ही पाणी पिऊन उठलो. परतीच्या बसमध्ये ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते बरंच झालं, कारण ते बोलले असते तर मी भांडलो असतो. चूक माझी होती हे मला परतताना पनवेलच्या नाक्यावरच कळलं होतं. कबूल करायला मला आणखी आठ दिवस लागले, आणि तेही मी मालकांजवळ नाही, सुनेजवळ केलं.

पुढच्या रविवारी मालक एकटे गेले. काय घेऊन गेले? सुकट, वाफ घ्यायची एक जुनी किटली आणि हातोडी. बहिणीच्या दाराचं बिजागर निखळलं होतं ते पहिल्या खेपेला त्यांनी हेरलं होतं. बिजागर ठोकलं आणि परत आले. मी विचारलं, "बोललात?" म्हणाले, "नाय. बिजागराचं बोललो." त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या चुलीचं धुराडं. मग शेजारणीच्या पोरीचा दाखला, मग पनवेलच्या डॉक्टरचा नंबर, मग मागच्या दारची मोरी. दर रविवारी मी विचारायचो आणि दर रविवारी मोरीचं उत्तर यायचं. मला ते बघवत नव्हतं. माणूस चिलखतावर चिलखत चढवत होता आणि गड तसाच. इकडे ओटीवर कंप्युटरवर धूळ बसू लागली. पडद्यावरच्या गावात म्हातारी खोकत असेल तर खोको.

सहाव्या की सातव्या खेपेला त्यांनी मला सोबत बोलावलं, बहुतेक ओझं उचलायला. मी मुकाट गेलो. त्यांनी आधीच पायलीभर वाल घेतले होते, सुनेनं ते भिजवून मोड आणून दिले होते. म्हातारीला वालाचं बिरडं आवडायचं. तिची तब्येत त्या दिवशी बरी होती. ती उंबऱ्याशी बसली, मालक तिच्यासमोर, मधे परात, आणि दोघं वाल सोलू लागली. वाल सोलताना माणूस वर बघत नाही. साल चिमटीत धरायची, दाणा सटकतो. मी जरा लांब बाकावर बसलो होतो.

अर्धे वाल सोलून झाले. मग मालक परातीकडं बघतच म्हणाले, "बाय, तो कागद मीटरचा नव्हता."

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "मना म्हायती व्हतं."

"कोनी सांगलं?"

"कोन सांगील? अंगठा घेताना तुजा हात कापत व्हता. मीटरच्या कागदाला कोनाचा हात कापतो?"

मालकांच्या चिमटीत एक दाणा तसाच राहिला. "मंग दिलास कशाला?"

"तू मागलास म्हनून," ती म्हणाली. तिनं जरा दम घेतला. "जमीन गेली त्याचं काय नाय. तू बारा वरसं आला नाय, त्याचं हाय. सोल, बाला. असा बसलास तं सांजपरयंत व्हायाचं नाय."

मालकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. त्यांना काही दिसत नसावं, कारण ते सालं परातीत आणि दाणे सालांत टाकत होते. म्हातारी एक एक दाणा वेचून परत परातीत ठेवत होती. मी आयुष्यात बायकांच्या कामाला हात लावला नव्हता. उठलो, परातीच्या तिसऱ्या अंगाला बसलो आणि ओंजळभर वाल माझ्याकडं ओढले.