थरथरणारा हात

कोरेगाव तालुक्यातल्या त्या गावचं नाव कुठे ऐकलं की मला आजही तिथली मुखवट्याची चोरी आठवते. सत्तरच्या दशकात मी त्या भागात फौजदार होतो. यात्रा तोंडावर आली असताना खंडोबाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला.

गावाने आमच्याकडे फिर्याद दिली आणि आपला तपासही चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पुरुषाने देवापुढे बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, अशी दवंडी यात्रेच्या कारभाऱ्याने फिरवली. त्या शपथेत एकाचा हात इतका कापला की भंडारा सांडला. माधवनगरच्या गिरणीत काम करणारा हा माणूस यात्रेसाठी गावी आला होता. पक्का दारुडा. चोर सापडला, असा पाटलांचा निरोप आला आणि आम्ही त्याला अटक केली.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "न्हाई सायेब, म्या द्येवाला हात लावला न्हाई." अंगाला मात्र घाम आणि हातांना कंप. आमचे हवालदार म्हणाले, "सायेब, अंग बोलतंय की! आजून काय पायजे?"

अटकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोठडीत कोसळला. हवालदारांच्या मते हे सोंग होतं, तर एक शिपाई फेफरं समजून त्याच्या नाकाला चप्पल लावू लागला. मी जीप काढायला लावली.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि मलाच उलटतपासणीला घेतलं.

"पडताना अंग सैल पडलं की ताठ झालं?"

"ताठ झालं. मग झटके आले. जीभही चावली."

"लगेच भानावर आला?"

"नाही. बराच वेळ कुणाला ओळखत नव्हता."

"मग ही साधी चक्कर नव्हे, हा झटका आहे. घेरी आलेला माणूस पांढराफटक पडतो, पण आडवा केला की लवकर सावरतो. शेवटची दारू कधी घेतली याने?"

उत्तर जीपमागोमाग दवाखान्यात आलेल्या त्याच्या बायकोने दिलं. "दवंडी ऐकली तवापास्नं थेंब न्हाई घेतला, बाई. तोंडाला वास घिऊन द्येवाम्होरं कसं जायचं, म्हनला."

बाई म्हणाल्या, "रोजची दारू एकदम तुटली की असंच होतं. हात कापतात, झटके येतात, पुढे भ्रमही होतो. जीवही जातो. हा इथून हलणार नाही."

त्यांनी इंजेक्शनं दिली आणि त्याला डोळ्यांसमोर ठेवलं. भ्रम झालाच. भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या तो झाडू लागला. गावचे पुढारी आले तेव्हा विचारेल त्याला "व्हय, म्याच चोरला" म्हणू लागला. पुढारी खूश झाले. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आत्ता विचारलंत तर तो स्वतःला पंतप्रधानही म्हणेल. बाहेर व्हा!" त्या धिटाईला मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला.

कबुली बाजूला ठेवून मी सराफांकडे माणसं पाठवली. सांगलीच्या एका पेढीवर चांदीचे तुकडे मिळाले. एकावर अर्धी मिशी शाबूत होती. सराफाने विकणाऱ्याला ओळखलं. शपथेची कल्पना ज्याने काढली आणि भंडाऱ्याचं ताट ज्याने सगळ्या गावापुढे धरलं, तोच तो यात्रेचा कारभारी! त्याचा हात जरासुद्धा हलला नव्हता.

गिरणीवाला वाचला. तो घरी निघाला तेव्हा बाईंनी त्याच्या बायकोला बजावलं, "पुन्हा प्यायला लागला आणि सोडायची झाली, तर घरी एकदम तोडू नका. आधी दवाखान्यात आणा."

तेव्हापासून कोठडीत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी शेवटचा घोट कधीचा ते विचारत असे. बाईंनी मला एवढं शिकवलं, पण त्या माणसाने जे शिकवलं ते त्याहून मोठं होतं. अख्ख्या गावाने बेलभंडारा उचलला, पण ती शपथ खरी मानून जिवावरचं दुखणं ओढवून घेतलं, ते एकट्या त्या दारुड्याने.